पहिली वेब सर्व्हिस लिहिताना: पलीकडच्या प्रोग्रॅमरचे काम सोपे कसे करावे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टॉवेल विणणारे अनेक कारखाने आहेत. त्यांपैकी एका मध्यम आकाराच्या कारखान्यासाठी मी माझी पहिली वेब सर्व्हिस (इंटरनेटवरून आलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या विनंतीला उत्तर देणारा प्रोग्रॅम) लिहिली. काम वरकरणी सोपे होते: गोदामात कोणत्या मालाचा किती साठा शिल्लक आहे ते सांगायचे आणि व्यापाऱ्याने नोंदवलेली ऑर्डर स्वीकारायची. माझ्या संगणकावर सर्व्हिस व्यवस्थित चालत होती. परंतु तिच्या आधारे मोबाइल ॲप तयार करणारा प्रोग्रॅमर पुण्यात बसला होता आणि पुढचा दीड महिना त्याचे दिवसाला चार-पाच फोन येत राहिले. सुरुवातीला मला वाटले की त्याला काम जमत नाही. पुढे मी प्रत्येक फोनचे कारण एका वहीत लिहू लागलो, तेव्हा जवळजवळ सगळी कारणे माझ्याकडचीच निघाली. खालील पायऱ्या त्या वहीवरून तयार केल्या आहेत.

या लेखात पत्ते (यूआरएल), फील्डची म्हणजे माहितीच्या रकान्यांची नावे आणि हेडर (विनंती किंवा उत्तरासोबत जाणारी जादा माहिती) वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ते रोमन लिपीतच लिहावेत.

सुरुवातीला काय जवळ असावे

साधनांपैकी एखादी भाषा व तिची चौकट म्हणजे फ्रेमवर्क (मी पायथन आणि फास्टएपीआय वापरतो, नोडजेएस, लारावेल किंवा स्प्रिंग बूट येत असेल तर तेच वापरावे), कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट, आणि सर्व्हिसला हाताने विनंती पाठवून पाहण्यासाठी कर्ल आणि पोस्टमन किंवा ब्रुनो एवढे पुरेसे आहे.

कागदपत्रांकडे मात्र नवखे लोक दुर्लक्ष करतात, आणि खरा वेळ तिथेच वाचतो. पुढील गोष्टी कोड लिहिण्याआधी मिळवा:

- मागील एक-दोन महिन्यांची ऑर्डरची वही आणि बिलांच्या काही प्रती
- मालाची यादी, प्रत्येक मालाच्या कोडसह व ज्या एककात तो विकला जातो त्या एककासह
- सर्व्हिस कोण कोण वापरणार आहे त्याची यादी: ॲप, संकेतस्थळ, हिशेबाचे सॉफ्टवेअर
- दिवाणजींचा अर्धा तास

शेवटची बाब थट्टेने लिहिलेली नाही. "माल परत आला तर वहीत काय लिहिता?" या एका प्रश्नाच्या उत्तरातून मला तीन नवी फील्ड मिळाली होती.

पायरी १: कोडच्या आधी करार लिहा

करार म्हणजे सर्व्हिसकडे काय मागता येते, कोणत्या स्वरूपात मागावे आणि कोणती उत्तरे येऊ शकतात याचे लेखी वर्णन. यासाठी आज ओपनएपीआय ही पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. तिची सुरुवात २०११ मध्ये स्वॅगर या नावाने झाली, २०१५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली, २०१७ मध्ये तिची ३.० आणि २०२१ मध्ये ३.१ ही आवृत्ती आली. संपूर्ण करार यॅमल किंवा जेसन या मजकुरी स्वरूपातल्या एका फाइलमध्ये मावतो.

येथे थोडे मागे पाहणे उपयोगाचे ठरेल. २००० च्या सुमारास सोप या एक्सएमएलवर आधारलेल्या पद्धतीने लिहिलेल्या सर्व्हिसबरोबर डब्ल्यूएसडीएल नावाची करारफाइल दिली जात असे. एक्सएमएल या खुणांनी भरलेल्या स्वरूपाचा तो पसारा वाचणे त्रासाचे होते, पण ती फाइल यंत्राला दिली की पलीकडच्या प्रोग्रॅमरला लागणारा बराचसा कोड आपोआप तयार होई. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात रेस्ट ही वेबवरच्या प्रणाली रचण्याची शैली मांडली आणि हळूहळू लोक एक्सएमएल सोडून हलक्याफुलक्या जेसनकडे वळले. माझ्या मते या स्थलांतरात एक चूक झाली: जड एक्सएमएलबरोबर करार लिहिण्याची सवयही टाकून दिली गेली. ओपनएपीआयमुळे ती परत आली आहे.

करार आधी तयार असला की दोन फायदे लगेच मिळतात. पहिला असा की प्रिझमसारखे साधन करारफाइल वाचून नकली सर्व्हिस उभी करते, त्यामुळे तुमची एक ओळही लिहून झालेली नसताना पुण्यातला प्रोग्रॅमर आपल्या पडद्यांचे काम सुरू करू शकतो. दुसरा असा की ओपनएपीआय जनरेटरसारखे साधन त्याच फाइलवरून अनेक भाषांमध्ये सर्व्हिसला हाक मारणारा कोड तयार करून देते.

सापळा: फास्टएपीआय तुमच्या कोडवरून करार आपोआप बनवते आणि 'डॉक्स' या पत्त्यावर सुंदर पानही दाखवते. ते पाहून काम झाले असे वाटते. पण त्या पानावर प्रत्येक फील्डसमोर केवळ 'स्ट्रिंग' एवढेच लिहिलेले असेल आणि एकही उदाहरण नसेल, तर वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. निदान मुख्य दोन-तीन पत्त्यांचा करार आधी कागदावर हाताने लिहावा आणि प्रत्येक विनंतीचे व उत्तराचे एक खरे वाटेल असे उदाहरण त्यात द्यावे. लोक वर्णन सोडून देतात आणि उदाहरण उचलून चिकटवतात. मीही तसेच करतो.

आणखी एक सापळा यॅमलचा. त्यात टॅब चालत नाही, फक्त स्पेस चालते, हे बहुतेकांना लवकर कळते. परंतु उदाहरणात सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर यॅमल १.१ च्या नियमांनी वाचणारी साधने शून्याने सुरू होणाऱ्या त्या आकड्याला अष्टमान पद्धतीची संख्या समजतात आणि तिची १४३ करून टाकतात. असे आकडे नेहमी अवतरणचिन्हांत लिहावेत.

पायरी २: प्रत्येक किमतीचा अर्थ पक्का करा

येथे किंमत म्हणजे मालाचा भाव नव्हे, तर फील्डमध्ये भरलेला आकडा किंवा मजकूर. माझ्या वहीतले सर्वाधिक फोन या पायरीचे होते, म्हणून येथे जरा जास्त थांबतो.

*एकक.* माझ्या ऑर्डरमध्ये 'संख्या' नावाचे एकच फील्ड होते. चादर नगावर विकली जाते आणि आमच्या कारखान्यात टॉवेल डझनावर; ही गोष्ट मला इतकी सवयीची होती की ती लिहावी असे सुचलेच नाही. एका व्यापाऱ्याने १२ डझन टॉवेल मागितले, ॲपने १२ पाठवले, गोदामातून १२ नग निघाले. त्यानंतर मी संख्येशेजारी एककाचे फील्ड सक्तीचे केले. एककांसाठी स्वतःची नावे शोधण्याची गरज नाही. जीएसटीच्या विवरणांमध्ये एककांचे तीन अक्षरी ठरावीक कोड वापरतात: डझनासाठी, नगासाठी, किलोसाठी, गाठीसाठी वेगवेगळे. तेच वापरले की पुढे बिलाच्या सॉफ्टवेअरला जोडताना भाषांतर करावे लागत नाही.

*पैसे.* रक्कम दशांश अपूर्णांकात ठेवू नये. संगणक द्विमान पद्धतीने मोजत असल्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांमध्ये नेमकी ०.३ येत नाही, आणि दोनशे ओळींच्या बिलात ही किरकोळ तफावत एका पैशाच्या रूपाने दिवाणजींसमोर येते. रक्कम पैशांत, पूर्णांकात पाठवावी आणि फील्डच्या नावातच 'पैसे' हा शब्द ठेवावा, म्हणजे ४५००० ही किंमत ४५० रुपयांची आहे याबद्दल कोणालाही विचारावे लागणार नाही.

*क्रमांक.* ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, तो आकडा संख्या नसून मजकूर आहे. दूरध्वनी क्रमांक, पिन कोड, ऑर्डर क्रमांक हे सगळे मजकूर म्हणून पाठवावेत. ०२१७ संख्या म्हणून साठवला की पुढचे शून्य जाते. फार मोठ्या क्रमांकांचे आणखी वेगळे दुखणे आहे: जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहतीलच असे नाही, आणि शेवटचा अंक बदललेला क्रमांक शोधण्यात आख्खा दिवस जातो.

*तारीख व वेळ.* वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि वेळेसोबत +०५:३० हा फरक लिहून पाठवावे. आरएफसी ३३३९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) हेच स्वरूप दिलेले आहे. केवळ ०३/०४ लिहिले तर ती ३ एप्रिल की ४ मार्च हे कोणालाच सांगता येत नाही. फरक न लिहिण्याचा फटका आम्हाला रात्रपाळीमुळे बसला. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होते. १ एप्रिलच्या पहाटे तीन वाजता मागावरून उतरलेला माल त्या घड्याळाप्रमाणे ३१ मार्चच्या रात्री साडेनऊ वाजता नोंदला गेला आणि नव्या आर्थिक वर्षाचे उत्पादन जुन्या वर्षात जाऊन बसले. ई-इनव्हॉइससाठी मात्र दिवस/महिना/वर्ष हाच क्रम लागतो. ते रूपांतर बिल पाठवण्याच्या ठिकाणी, शेवटच्या क्षणी करावे, संपूर्ण सर्व्हिसमध्ये पसरू देऊ नये.

*मजकुराची लिपी.* जेसनच्या सध्याच्या मानकाप्रमाणे, म्हणजे २०१७ च्या आरएफसी ८२५९ प्रमाणे, वेगवेगळ्या प्रणालींमध्ये देवाणघेवाण होणारा जेसन यूटीएफ-८ या बहुतेक सर्व लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंकेतामध्येच असला पाहिजे. त्यामुळे देवनागरी पाठवण्यास काहीच अडचण नाही. सोलापुरात तर केवळ देवनागरीचा विचार करून भागत नाही. येथे विणकरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांत तेलुगू आहे, कन्नड आहे, उर्दू आहे, म्हणून नावाच्या फील्डवर 'फक्त इंग्रजी अक्षरे' असे बंधन घालू नये. खुद्द मराठीत एक बारीक गोम आहे. 'गिऱ्हाईक' या शब्दातील ऱ दोन प्रकारे टाईप होऊ शकतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना वेगळे मानतो. मजकूर साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी त्याचे युनिकोडच्या एनएफसी स्वरूपात (सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकाच रूपात आणणाऱ्या पद्धतीत) रूपांतर करावे. पायथनमध्ये हे एका ओळीचे काम आहे.

पायरी ३: पत्ते कंटाळवाणे ठेवा

पत्त्यात वस्तूचे नाव असावे आणि कृती एचटीटीपी या वेबच्या संवादपद्धतीतील क्रियापदाने सांगावी: 'ऑर्डर्स' या पत्त्यावर गेट केले की यादी मिळावी, पोस्ट केले की नवी ऑर्डर तयार व्हावी, 'ऑर्डर्स/क्रमांक' वर गेट केले की एक ऑर्डर मिळावी. एका पत्त्यात अनेकवचन आणि दुसऱ्यात एकवचन, एका फील्डमध्ये इंग्रजी नाव आणि दुसऱ्यात रोमन लिपीतले मराठी, असे मिश्रण टाळावे. पलीकडच्याला पहिले दोन पत्ते पाहून तिसरा ओळखता आला पाहिजे.

गेटने कधीही काहीही बदलू नये. मी ऑर्डर रद्द करण्यासाठी गेटची एक लिंक तयार केली होती. ती कोणीतरी चॅटच्या गटात पाठवली, चॅट ॲपने लिंकची झलक दाखवण्यासाठी ती स्वतः उघडून पाहिली, आणि कोणी बोट न लावता ऑर्डर रद्द झाली.

पोस्टची अडचण उलट आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलचे नेटवर्क येते आणि जाते. ऑर्डर सर्व्हरपर्यंत पोहोचते पण उत्तर परत येत नाही, ॲप पुन्हा पाठवते आणि एकाच्या दोन ऑर्डरी होतात. यावर उपाय असा की प्रत्येक ऑर्डरसोबत ॲपने एक एकमेव चावी हेडरमध्ये पाठवावी, सर्व्हिसने ती साठवावी आणि तीच चावी पुन्हा आली तर नवी ऑर्डर न करता पहिलेच उत्तर परत द्यावे. हे पहिल्या दिवसापासून करारात ठेवा; मागाहून घालताना प्रत्येक ॲप बदलावे लागते.

याद्यांना मर्यादा घाला. शंभर ऑर्डरी असताना सगळी यादी एकदम देणे चालते, दहा हजार झाल्यावर ॲप गोठते.

पायरी ४: चूक नीट सांगा

माझी सर्व्हिस प्रत्येक वेळी २०० हाच संकेतांक (विनंतीचे काय झाले ते सांगणारा आकडा) देत असे आणि आतल्या मजकुरात 'काहीतरी चुकले' असे लिहीत असे. पुण्याच्या प्रोग्रॅमरच्या ॲपला २०० म्हणजे यश वाटे, ते ग्राहकाला 'ऑर्डर झाली' असे सांगे, आणि मग मला फोन येई.

संकेतांक थोडेच लागतात, पण ते बरोबर वापरावे लागतात. नवी वस्तू तयार झाली तर २०१. विनंतीची रचनाच चुकली तर ४००. रचना बरोबर पण किंमत चुकीची असेल तर ४२२, आणि फास्टएपीआय तपासणीतील चुकांसाठी हाच संकेतांक आपोआप देते. कोण आहे तेच कळले नाही तर ४०१; कोण आहे ते कळले, पण परवानगी नाही, तर ४०३. सापडले नाही तर ४०४. साठा संपल्यामुळे ऑर्डर घेता येत नसेल तर मी ४०९ देतो. फार वेगाने विनंत्या आल्या तर ४२९, आणि किती सेकंदांनी पुन्हा यावे हे सांगणारे हेडर सोबत. ५०० हा फक्त आपल्या चुकीसाठी राखून ठेवावा. त्यात आतल्या कोडची किंवा डेटाबेसची माहिती बाहेर जाऊ देऊ नये.

संकेतांकासोबतच्या मजकुरात काय लिहावे यासाठीही तयार मानक आहे: २०१६ चे आरएफसी ७८०७, ज्याची जागा २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने घेतली. त्यात चुकीचा प्रकार, तिचे शीर्षक, संकेतांक, तपशील आणि ती नेमकी घटना अशी पाच फील्ड सांगितली आहेत, आणि गरजेप्रमाणे आणखी घालता येतात. तपशील लिहिताना वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. 'अवैध इनपुट' असे लिहिण्याऐवजी "ओळ ३ मधील एकक रिकामे आहे; नग, डझन किंवा किलो यांपैकी एकाचा कोड द्यावा" असे लिहिले की फोन येत नाही. तपशिलाचे शब्द तुम्ही पुढे बदलाल, म्हणून ॲपने निर्णय घेण्यासाठी त्या शब्दांवर अवलंबून राहू नये. त्यासाठी चुकीचा न बदलणारा प्रकार दिलेला असतो, हे करारात स्पष्ट लिहावे.

प्रत्येक उत्तरासोबत विनंतीचा एक क्रमांक पाठवा आणि तोच तुमच्या लॉगमध्ये (सर्व्हिसच्या नोंदवहीत) नोंदवा. "काल दुपारी कधीतरी चालले नाही" या तक्रारीऐवजी तुम्हाला क्रमांक मिळेल.

पायरी ५: दुसऱ्याच्या संगणकावर पंधरा मिनिटांत चालले पाहिजे

रिपॉझिटरीत म्हणजे गिटमधील कोडच्या भांडारात एक रीडमी (सुरुवातीची माहिती देणारी) फाइल ठेवा आणि तिच्या पहिल्या पडद्यावरच सर्व्हिस सुरू करण्याची आज्ञा लिहा. डेटाबेस वगैरे लागत असेल तर डॉकर कंपोज या साधनाची फाइल द्या, म्हणजे एका आज्ञेत सगळे उभे राहील. लागणाऱ्या सेटिंगची नावे असलेली, पण खरी गुपिते नसलेली नमुना फाइल सोबत असावी.

नमुना माहितीही द्या: वीसेक माल, पाच व्यापारी, दहा ऑर्डरी. ही माहिती काल्पनिकच असावी. खऱ्या डेटाबेसची प्रत देणे सोपे वाटते, पण त्यात माणसांची नावे आणि मोबाइल क्रमांक असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर त्याबाबत अधिकच जपायला हवे.

येथे एक सापळा हमखास भेटतो. पोस्टमनमध्ये सर्व्हिस चालते, पण ब्राउझरमधून हाक मारली की कॉर्स या ब्राउझरच्या नियमाची तांबडी ओळ दिसते. ब्राउझर एका ठिकाणच्या पानाला दुसऱ्या ठिकाणचे उत्तर परवानगीशिवाय वाचू देत नाही, आणि पत्त्यातले पोर्ट (त्या संगणकावरील सर्व्हिसचा क्रमांक) वेगळे असले तरी ठिकाण वेगळेच मानतो. पोस्टमनला हा नियम लागू नाही. ज्या पत्त्यांवरून ॲप चालणार आहे ते सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये नावानिशी लिहावेत. सगळ्यांना परवानगी देणारी चांदणी (*) टाकून मोकळे होऊ नये. कुकीसह विनंती असेल तर ब्राउझर ती चांदणी मानतही नाही.

पायरी ६: चाव्या

येथे चावी म्हणजे सर्व्हिसला ॲपची ओळख पटवणारा गुप्त मजकूर. चाचणीची आणि प्रत्यक्ष वापराची चावी वेगळी ठेवा. चावी पत्त्यात लिहू नका, कारण पत्ते लॉगमध्ये जातात. ती हेडरमध्ये पाठवा. चुकून गिटमध्ये गेलेली चावी नंतर फाइलमधून पुसली तरी जुन्या नोंदींत राहते, म्हणून ती तत्काळ रद्द करून नवी काढावी.

पायरी ७: बदल करताना

पहिल्या दिवशीच पत्त्यात 'व्ही१' (पहिली आवृत्ती) घाला. उत्तरात नवे फील्ड वाढवणे सहसा सुरक्षित असते. असलेले फील्ड काढणे, त्याचे नाव बदलणे किंवा ऐच्छिक फील्ड सक्तीचे करणे यांमुळे चालू ॲप मोडते, म्हणून असे बदल 'व्ही२' मध्ये करावेत. फसवा प्रकार यादीतल्या किमतींचा आहे: ऑर्डरच्या स्थितीत मी 'अंशतः रवाना' ही एक नवी किंमत वाढवली, ती माहीत नसलेले ॲप उघडताक्षणी बंद पडू लागले. अनोळखी किंमत आली तर काय करावे हे करारात लिहून ठेवल्यास हे टळते.

जुनी आवृत्ती बंद करायची असेल तर सनसेट नावाच्या हेडरमध्ये तारीख पाठवता येते. २०१९ च्या आरएफसी ८५९४ मध्ये ते सांगितले आहे. हेडर कोणी वाचत नाही असे गृहीत धरून फोनही करावा. आणि तारीख ठरवताना दिवाणजींना विचारावे. मी एकदा जानेवारीचा मधला आठवडा ठरवला होता. सोलापुरात तेव्हाच भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत आमचे निम्मे लोक सुट्टीवर होते.

पायरी ८: सोपवण्यापूर्वी एकदा गप्प बसा

सर्व्हिस पूर्वी न पाहिलेला एखादा प्रोग्रॅमर गाठा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही चालेल. त्याला रीडमी आणि करार द्या, "चार डझन टॉवेलांची ऑर्डर नोंदव आणि मग ती रद्द कर" एवढेच काम सांगा, आणि शेजारी बसून अर्धा तास एक शब्दही बोलू नका. तो कुठे थांबतो, कोणते पान दोनदा उघडतो, कोणता शब्द शोधतो, ते वेळेसह लिहून घ्या. मदत करण्याचा मोह आवरणे फार कठीण जाते, कारण उत्तर आपल्या जिभेवर असते. पण पुण्यात बसलेल्या माणसाशेजारी तुम्ही नसणार. माझ्या दुसऱ्या सर्व्हिसच्या वेळी अशा चाचणीला बसलेली मुलगी अकराव्या मिनिटाला अडली. रीडमीत पोर्ट ८००० लिहिले होते आणि डॉकर कंपोजच्या फाइलमध्ये ८०८०.